थोरल्याचं पुस्तक: एका प्रेमकथा-मालिकेचा फसलेला तिसरा भाग

हे प्रकरण एका मराठी प्रेमकथा-मालिकेचं आहे. लेखिका, प्रकाशक आणि मालिका यांची नावं घेतलेली नाहीत, पात्रांची नावं बदललेली आहेत. गाव मात्र सांगलीच ठेवलं आहे, कारण अर्धी चूक त्या गावातच दडलेली आहे.

पार्श्वभूमी

सांगलीतल्या एका हळद-व्यापारी घराण्यातली चार भावंडं आणि प्रत्येकाच्या प्रेमाची एक कादंबरी, असा मालिकेचा बेत होता. पहिले दोन भाग आधी वाचनाच्या ॲपवर आठवड्याला एक प्रकरण असे क्रमशः आले आणि नंतर पुस्तकरूपात निघाले. पहिला भाग धाकट्या बहिणीचा, दुसरा मधल्या भावाचा. वाचकांचा जीव मात्र थोरल्यावर, म्हणजे श्रीधरवर जडला. दोन्ही पुस्तकांत तो कडेकडेनंच वावरतो, कमी बोलतो.

त्याची गोष्ट पहिल्या भागातच पेरलेली होती. 2005 च्या पुरात सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांत, पाणी शिरतं, साठवलेली हळद कुजते, वडील खचतात. तेव्हा श्रीधर एकोणीस वर्षांचा. कर्ज फिटेपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही, असं तो मनाशी ठरवतो. पुढे दोन्ही भागांत मिळून तीनदा एकच छोटा प्रसंग येतो: दर महिन्याच्या पाच तारखेला तो सहकारी बँकेच्या काउंटरवर हप्ता भरतो आणि पलीकडून एक बाईचा हात पावतीवर शिक्का मारून ती सरकवतो. हात दिसतो, चेहरा दिसत नाही. तिसऱ्यांदा पावतीबरोबर सुटे पैसे परत करताना तो हात क्षणभर थांबतो. एवढ्याशा भांडवलावर वाचकांनी दीड वर्ष काढलं.

तिसरा भाग क्रमशः न येता थेट पुस्तक म्हणून आला. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात तो हवाच, असा प्रकाशकाचा आग्रह होता. डेमी आकार, 272 पानं, म्हणजे सोळा पानांचा एक असे सतरा फर्मे. पहिल्या दोन भागांपेक्षा जाड.

काय बिघडलं

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच प्रकरणाच्या दुसऱ्या पानावर आहे: "कर्ज तर गेल्या वर्षीच फिटलं होतं. वरच्या मळ्याचा तुकडा विकला आणि श्रीधर मोकळा झाला."

दोन पुस्तकं ज्या अडथळ्याकडे बोट दाखवत होती, तो दोन वाक्यांत आणि तोही पडद्यामागे संपला. आता श्रीधरला पाच तारखेला बँकेत जायचं कारण उरलं नाही. बँकेतली मृणाल हीच नायिका, हे वाचकांनी ओळखलेलंच होतं आणि ते खरंही ठरलं. पण दोघांनी भेटायचं कशासाठी? मग लेखिकेला भेटी जमवून आणाव्या लागल्या: कुणाच्या बारशाला, एकदा प्रवासात, एकदा पावसात अडकून. अडथळाही नवा रचावा लागला. मृणाल एका नातेवाइकासोबत हॉटेलात दिसते, श्रीधर गैरसमज करून घेतो आणि नव्वद पानं गप्प बसतो. एका फोननं मिटेल असा हा गैरसमज. वाचक तो फोन मनातल्या मनात शंभरदा लावतो.

लेखिकेकडे यामागे कारण होतं आणि ते फालतू नव्हतं. वसुली अधिकारी मृणाल आणि कर्जदार श्रीधर यांचं प्रेम दाखवलं तर ती बाई पदाचा गैरफायदा घेतेय असं वाटेल, म्हणून कर्ज आधीच मिटवलेलं बरं, असा विचार. अडचण तिनं बरोबर हेरली होती. फक्त ती अडचण हीच कादंबरी आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही.

दुसरी चूक मापाची. चौतीस प्रकरणांपैकी बारा प्रकरणं आधीच्या दोन जोडप्यांची: त्यांचं बाळ, त्यांचे रुसवेफुगवे, त्यांची महाबळेश्वरची सहल. वाचकांना ही माणसं आवडतात हे खरं; पण सुखात नांदणाऱ्या जोडप्याला करण्यासारखं काही उरत नाही. हा रोग जुना आहे. इंग्रज कादंबरीकार रिचर्डसन यांची 'पामेला' 1740 मध्ये आली आणि गाजली. दुसऱ्याच कुणी तिचा पुढचा भाग छापल्यावर त्यांनी घाईनं 1741 च्या डिसेंबरात आपला पुढचा भाग काढला. त्यात लग्न झालेली पामेला नाटकांवर आणि मुलांच्या शिक्षणावर लांबलचक पत्रं लिहीत बसते. घाईही तीच आणि संसारी सुखाचा पाल्हाळही तोच.

तिसरी चूक मराठीतच होऊ शकते अशी आहे. आपल्याकडच्या प्रेमकथेत 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं ही केवढी तरी मोठी घटना असते. पहिल्या भागात धाकटी बहीण सबंध पुस्तकभर 'तुम्ही' म्हणते आणि दवाखान्याच्या जिन्यात तिच्या तोंडून 'तू' निसटतं. ते पान वाचकांना पाठ आहे. तिसऱ्या भागात श्रीधर आणि मृणाल चौथ्या प्रकरणात एकमेकांना अरे-तुरे करू लागतात. कुठल्या क्षणी, ते दाखवलेलंच नाही. बारशाच्या प्रसंगाआधी 'तुम्ही', नंतर 'तू'. पाळण्यात काय झालं कोण जाणे.

यापुढच्या चुका दुरुस्त करायला सोप्या, पण वाचकाचा विश्वास उडवायला पुरेशा:

- 2019 च्या पुरात श्रीधर एकोणतीस वर्षांचा सांगितला आहे. 2005 मध्ये एकोणीस असलेला माणूस तेव्हा तेहेतीस हवा.
- "आयर्विन पुलाशी पाणी चाळीस फुटांवर गेलं आणि पेठा बुडाल्या," असं एक वाक्य आहे. चाळीस फूट ही कृष्णेच्या पाण्याची तिथली नुसती इशारा पातळी, पंचेचाळीस धोक्याची. सांगलीतलं शाळकरी पोरही पावसाळ्यात हे आकडे सांगतं.
- धाकटी बहीण पहिल्या दोन भागांत "मी येतो की", "मी करतो" असं बोलते, जसं त्या भागातल्या बायका सर्रास बोलतात. तिसऱ्या भागाला नवा मुद्रितशोधक होता. त्यानं ते चुकीचं लिंग समजून सगळीकडे "येते", "करते" केलं. व्याकरण सुधारलं आणि बाई बदलली.

आणि मग पेव. कादंबरीचा कळसाध्याय असा: रात्री पेव उघडतात, श्रीधर आणि मृणाल कंदील घेऊन शिडीनं आत उतरतात आणि हळदीच्या वासात तो दीड पान प्रेमाची कबुली देतो. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं, कडेनं पाला-पाचट, हळद भरली की तोंड मातीनं लिंपून बंद. आत साठलेला माल श्वास घेत राहतो, प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी बसतो. म्हणून पेव उघडल्यावर काही तास तसंच उघडं ठेवतात, आधी कंदील सोडून बघतात आणि तो विझला तर कुणी उतरत नाही. नुकत्याच उघडलेल्या पेवात दीड पान भाषण करणारा नायक अर्ध्या पानातच बेशुद्ध पडायला हवा. शिवाय या घराण्याची पेवं 2005 नंतर कायमची बंद पडल्याचं पहिल्याच भागात लिहिलं होतं. आणि मुख्य म्हणजे, श्रीधर भाषण करत नाही.

तक्रारी कशा वाचल्या

पहिला निर्णयबिंदू इथे आला. आलेल्या प्रतिक्रिया दोन सुरांतल्या होत्या. एक सूर: "आमचा थोरला असा नाही." दुसरा सूर: "मधे कंटाळा आला." प्रकाशकाच्या संपादकानं पहिला सूर भावनिक म्हणून बाजूला ठेवला आणि दुसऱ्यावर काम सुरू केलं: मधली पन्नास पानं कापावी, वेग वाढवावा. तीन आठवडे त्यात गेले. कापलेला मजकूर वाचला तर कंटाळा तसाच, फक्त पन्नास पानांनी कमी.

मग बाहेरच्या संपादिकेला बोलावलं. तिनं उलटं केलं. "असा नाही" म्हणणाऱ्यांना विचारलं: नेमका कुठल्या पानावर असा नाही? उत्तरं बहुतेक तीन जागांवर येऊन थांबली: कर्जाचं ते वाक्य, चौथ्या प्रकरणातलं 'तू' आणि पेवातलं भाषण. चिडलेला वाचक कारण चुकीचं सांगेल, पण जागा सहसा बरोबर दाखवतो. कंटाळा हा ताप होता, दुखणं त्या तीन जागांत होतं.

तिची कामाची रीत साधी होती. प्रत्येक प्रकरणाला एक कार्ड. कार्डावर चारच ओळी: कोण आहे, कुठे आहे, त्याला काय हवंय, प्रकरण संपताना काय बदललं. चौथी ओळ कोरी राहिली तर कार्ड उलटं ठेवायचं. नायक-नायिका एकत्र असतील त्या कार्डाच्या कोपऱ्याला लाल खूण. चौतीस कार्डं जमिनीवर मांडली तेव्हा लाल खुणा अकरा निघाल्या आणि त्यांतली चार कार्डं उलटी होती. म्हणजे प्रेमकथेत प्रेमाची प्रकरणं सात. जोडीला तीन जणांकडून पुस्तक वाचून घेतलं. त्यांपैकी एकीनं आधीचे भाग वाचलेले नव्हते. प्रत्येकानं पुस्तक जिथे खाली ठेवलं तिथे समासात पेन्सिलीनं रेघ मारायची, बस. तिघांच्याही रेघा आधीच्या जोडप्यांच्या प्रकरणांत दाटीनं आल्या. आधीचे भाग न वाचलेलीला तर ही माणसं कोण, याचाच पत्ता लागला नाही.

पर्याय

चार पर्याय टेबलावर आले.

काहीच न करता चौथ्या भागाकडे वळणं सर्वात स्वस्त होतं. पण चौथा भाग सगळ्यांत धाकट्याचा, आणि ज्याच्यासाठी वाचक थांबले होते तो थोरला हातचा गेलेला. सोळा पानांची पुरवणी, एक जादा कथा, उरलेल्या प्रतींत घालून द्यावी, असं विक्री पाहणाऱ्यांचं मत होतं. एका फर्म्यात काम भागत होतं. लेखिकेला ती कल्पना आवडलीही. पण पुरवणीत गोड प्रसंग आणखी एक वाढतो, मोडलेला अडथळा परत उभा राहत नाही. तिसरा पर्याय, चौथ्या भागात मागचं सावरून घेणं: "कर्ज फिटलं असं सगळ्यांना वाटत होतं, पण..." या वळणाला वाचक लबाडी म्हणतात आणि त्यांचं चूक नसतं.

चौथा पर्याय सुधारित आवृत्तीचा. महाग, वेळखाऊ आणि लेखिकेच्या मानाला लागणारा. तिचा पहिला प्रश्न होता, ज्यांनी पैसे देऊन जुनं घेतलं त्यांना काय सांगायचं? हा प्रश्न दोन बैठका चालला. शेवटी असं ठरलं की ई-पुस्तक गुपचूप बदलायचं नाही. शीर्षकपानावर 'सुधारित आवृत्ती' असं स्पष्ट छापायचं, प्रस्तावनेत काय बदललं ते अर्ध्या पानात सांगायचं आणि जुनं ई-पुस्तक घेतलेल्यांना नवं मोफत द्यायचं. छापील प्रत घेतलेल्यांसाठी बदललेली प्रकरणं वेगळी वाचायला खुली ठेवायची.

इथे एक तांत्रिक बाब प्रकाशकाच्या ध्यानात नव्हती. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर जुनाच आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, चालतो. मजकुरात मोठा बदल असेल तर नवा घ्यावा लागतो, आणि छापील व ई-पुस्तक यांना वेगवेगळा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, प्रश्न खर्चाचा नसतो. जुना क्रमांक तसाच ठेवला असता तर दुकानदारानं आणि ग्रंथालयानं दोन निराळी पुस्तकं एकच समजून विकली आणि नोंदवली असती.

दुरुस्ती

पहिल्या प्रकरणातली ती दोन वाक्यं काढली. कर्ज परत आलं. त्यासरशी पाच तारीख परत आली, काउंटर परत आला आणि भेटी जमवण्याची गरजच संपली. बारसं आणि प्रवास गेले. पावसाचा प्रसंग लेखिकेनं हट्टानं ठेवला. तो चांगला होता.

हॉटेलातला गैरसमज पूर्ण काढला. त्याच्या जागी खरी अडचण आणली, जिला लेखिका बिचकत होती: मृणाल ज्या खात्याची वसुली पाहते त्याच खातेदारात गुंतली आहे. तिनं काय करायचं? सरळ बाई काय करेल? ती वरिष्ठांना लिहून देईल की हे खातं माझ्याकडे ठेवू नका. कारण विचारतील. गावात चर्चा होईल. आणि श्रीधरला ते तिऱ्हाइताकडून कळेल.

त्यामुळे कबुलीचा प्रसंग पेवातून निघून काउंटरवर आला. जुन्या आवृत्तीत श्रीधरच्या भाषणातली एक ओळ अशी होती: "मृणाल, माझ्या आयुष्यातला अंधार तुझ्या येण्यानं उजळला, आता या हळदीसारखंच आपलं नातं सोनेरी होऊ दे." नव्या आवृत्तीतलं ते पान:

पाच तारीख. काउंटरवर दुसरेच गृहस्थ.
"मॅडम रजेवर आहेत का?"
"नाही, आतच आहेत. तुमचं खातं आता माझ्याकडं. त्यांनीच लिहून दिलंय."
"काय लिहून दिलंय?"
गृहस्थांनी चष्म्यावरनं बघितलं. "ते मी कसं सांगू?"
शिक्का पडला. श्रीधरनं पावती घडी घालून खिशात ठेवली. परत काढली, परत घातली. मागं रांग होती.

भाषण एका शब्दाचंही नाही, आणि अर्ज कशासाठी होता हे रांगेतल्या माणसालाही कळावं. 'तू' यानंतर चार प्रकरणांनी येतं, ते श्रीधरच्या तोंडून येत नाही, आणि ते येतं तेव्हा मृणाल चिडलेली असते. त्या जागेवर लेखिका आणि संपादिका यांचा सर्वात जास्त वेळ गेला. तीन मसुदे झाले. पहिल्यात 'तू' गोड होतं, दुसऱ्यात रडत आलं, तिसऱ्यात भांडणात.

बारा प्रकरणांतल्या जुन्या जोडप्यांना चार प्रकरणांत बसवलं. नियम एकच: ती माणसं आली तर थोरल्याच्या गोष्टीत काहीतरी ढकलण्यासाठी. मधला भाऊ येतो तो मळा विकून कर्ज फेडू म्हणायला, आणि श्रीधर नको म्हणतो. जे जुन्या आवृत्तीत एका वाक्यात उरकलं होतं, त्यावर आता अख्खं प्रकरण भांडण आहे. महाबळेश्वर गेलं.

पेव उरलं, पण उजेडात आणि रिकामं. एका दुपारी तो तिला बंद पेवाचं बुजलेलं तोंड दाखवतो, वर उगवलेलं गवत दाखवतो, आणि आत कोणी उतरत नाही. मजकूर सांगलीतल्या दोघा जाणकारांकडून तपासून घेतला: एक हळदीच्या धंद्यातले, एक पूर पाहिलेल्या पेठेतले. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दिवाळीत हळद काढतानाचं एक वर्णन होतं. तिकडे लावण अक्षय तृतीयेच्या सुमाराला होते आणि काढणी जानेवारीच्या पुढे. बहिणीचं "मी येतो" परत आलं आणि मुद्रितशोधकाला आधीच चिठ्ठी गेली: बोली आहे, हात लावू नये.

पुस्तक 240 पानांचं झालं, पंधरा फर्मे.

निकाल

सगळं गोड झालं नाही. नवी आवृत्ती ज्यांनी वाचली त्यांतल्या बहुतेकांना थोरला परत मिळाला, काउंटरचं पान लोक एकमेकांना पाठवत राहिले. पण महाबळेश्वरची सहल आवडलेला एक गट होताच आणि तो रुसला. त्यांच्या दृष्टीनं आवडती माणसं कापली गेली. काहींनी तत्त्वाचा मुद्दा काढला: कादंबरी एकदा छापली की छापली, वाचक नाराज झाले म्हणून लेखकानं ती बदलायची का? लेखिकेनं त्यावर उत्तर दिलं नाही.

चौथा भाग लांबला. जाहिरातीत दिलेली तारीख हुकली, आणि त्यावरून झालेली नाराजी तिसऱ्या भागाच्या नाराजीत मिसळली.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भागालाच पात्रवही घालायला हवी होती. जाड वही किंवा साधी एक्सेल, काहीही. प्रत्येक पात्राचं जन्मवर्ष, कोण कुणाला काय म्हणतं (तुम्ही, तू, दादा, वहिनी), बोलीच्या खास लकबी, आणि एक रकाना 'वाचकाला दिलेला शब्द': कुठल्या पानावर काय सूचित केलंय आणि ते अजून फेडायचं आहे का. पाच तारखेचे तीन प्रसंग त्या रकान्यात असते तर कर्ज दोन वाक्यांत फेडायला लेखिकेचा हात उचललाच नसता.

तिसरा भाग क्रमशः न देण्याचा निर्णयही तपासायला हवा. ॲपवर पहिलं प्रकरण पडल्यावर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी विचारलं असतं, "कर्ज कधी फिटलं?" ही फुकटची तपासणी संमेलनाच्या तारखेपायी गमावली. आणि तारीख पाळायचीच होती तर बाहेरचं वाचन वगळून पाळायला नको होती. एकूण वेळापत्रकात तेच एक काम दोन आठवड्यांचं होतं.

मळा विकण्यावरचं भांडण, नव्या आवृत्तीतलं सर्वात चांगलं प्रकरण, मूळ कच्च्या हस्तलिखितात होतं असं नंतर उघड झालं. लांबी वाढते म्हणून लेखिकेनं स्वतःच ते काढलं होतं.

सार्वजनिक ग्रंथालयांत मात्र जुनी आवृत्तीच आहे आणि राहील. तिथे एकदा दाखल झालेलं पुस्तक फाटेपर्यंत फिरतं. म्हणून चौथ्या भागात एक काळजी घेतली गेली. त्यात थोरल्याच्या लग्नाची आठवण निघते तेव्हा धाकटा विचारतो, "दादा, तू वहिनीला विचारलंस तरी कुठं?" श्रीधर म्हणतो, "विचारलं कुठं." दोन्ही आवृत्त्यांच्या वाचकांना ते चालतं.